वाटी का हलते

आमच्या घरातल्या रेकॉर्ड प्लेअरचा बिघाड फक्त एकाच व्यक्तीला कळायचा, आणि नेमकं तिलाच ऐकू येत नव्हतं.

सासूबाईंचे कान चार वर्षांत हळूहळू गेले. आधी दाराची बेल गेली, मग फोन, मग आमचं बोलणं. कानात घालायची यंत्रं तीन झाली. पहिलं शिट्ट्या मारायचं. दुसऱ्यातून त्यांना स्वतःचंच चावणं ऐकू यायचं. तिसरं त्यांनी एका दुपारी काढून माझ्या टाचण्यांच्या डबीत टाकलं आणि म्हणाल्या, "हे तुझ्याकडे राहू दे. टोचणाऱ्या वस्तू एका जागी बऱ्या."

तेव्हापासून आमचं बोलणं खडूवर आलं. मी पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवते. घराची पुढची खोली हेच माझं कामाचं ठिकाण. काळ्या अस्तराचे तुकडे तिथे ढिगाने पडलेले असतात आणि कापडावर खुणा करायचा पांढरा खडू कायम माझ्या खिशात. मी तुकड्यावर लिहायची, त्या वाचायच्या, तुकडा झटकायच्या आणि उत्तर तोंडाने द्यायच्या, तेही रस्त्याच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात. त्यामुळे आमच्या घरातल्या भांडणांची अर्धी बाजू शेजाऱ्यांना तोंडपाठ आहे, आणि ती अर्धी नेहमी सासूबाईंची.

तरुणपणी बावीस वर्षं त्या एका हॉटेलच्या बँडमध्ये डबल बास वाजवायच्या. माणसापेक्षा उंच, जाड तारांचं ते वाद्य. "तो वाजत असताना कुणाचं लक्ष नसतं," त्या सांगायच्या, "आणि थांबला की सगळ्यांना वाटतं, खुर्ची कुणी काढली?" वाद्य कधीच विकलं गेलं, पण रेकॉर्ड राहिल्या. एकशे चाळीस. कान गेले तसा त्यांनी त्या कपाटाकडे बघायचाही कंटाळा केला. गेले सहा महिने तर त्या खोलीतून फक्त जेवायला बाहेर यायच्या. जेवायच्या, ताट उचलायच्या, परत आत. भांडायलाही थांबायच्या नाहीत, आणि त्याचीच मला मोठी काळजी वाटत होती.

प्लेअर मी माझ्या करमणुकीसाठी पुढच्या खोलीत आणून ठेवला होता. या वर्षी त्याला नवी सुईही घातली, स्वतः. मला हे कुणी शिकवलेलं नाही. शिलाई मशीनची मोटर जळली तेव्हा ती उघडली, मग इस्त्री उघडली, मग रेडिओ. उघडायची सवय लागली की थांबवत नाही.

तर त्या दिवशी मी एका लांबलचक पडद्याचा काठ मुडपत होते आणि रेकॉर्ड चालू होती. सासूबाई कात्री मागायला आल्या. वाकताना आधार म्हणून त्यांनी जमिनीवरच्या मोठ्या स्पीकरवर हात टेकला आणि तशाच राहिल्या.

"अगं, हे चालू आहे?"

मी मान हलवली. त्यांनी पायाने स्टूल ओढलं, बसल्या, आणि तळहात स्पीकरच्या लाकडावर पसरून ठेवला. बोटांची टोकं खालच्या गोल भोकापाशी, जिथून स्पीकरची हवा आतबाहेर करते. दोन-तीन मिनिटं त्या हलल्या नाहीत. मग मला दिसलं, त्यांचा डावा हात मांडीवर चालू झाला होता. चार बोटं, एकेक, तारा दाबल्यासारखी.

मी मशीन बंद केलं. श्वासही जरा बेतानेच घेतला.

आणि मग त्यांनी एकदम हात काढून घेतला, चटका बसल्यासारखा.

"नाही. हे नाही." त्या उठल्या. "कुणीतरी मधे उसासे टाकतंय."

मी ऐकलं. उसासे कसले? स्वच्छ आवाज होता. मग मी स्पीकरवरचं कापडी झाकण काढलं, जे मी आजवर फक्त धूळ झटकायला काढलं होतं, आणि चालू असताना कधीच नाही. मधला काळा कागदी भाग, वाटीसारखा, (दुरुस्तीवाले त्याला कोन म्हणतात, मी वाटी म्हणते) आत-बाहेर, आत-बाहेर होत होता. गाण्याशी काही संबंध नाही. धापा टाकणाऱ्या माणसाच्या छातीसारखा. भोकापाशी बोटं धरली तर हवेची फुंकर लागत होती. कानाला यातलं अक्षरही पोचत नव्हतं.

सासूबाईंनी पुढचे दोन दिवस आणखी सहा-सात रेकॉर्ड लावून बघितल्या. प्रत्येकीत उसासे. सोमवारी सकाळी त्यांनी माझ्या नवऱ्याला, म्हणजे आपल्या मुलाला, समोर बसवून जुन्या रेकॉर्ड विकत घेणाऱ्याला फोन करायला लावला. रविवारी अकरा वाजता त्याने यायचं. रेकॉर्ड, प्लेअर, स्पीकर, सगळं घेऊन जायचं.

"आई, रविवारच का?" नवऱ्याने तोंड मोठं उघडून विचारलं.

"कारण बाकीच्या दिवशी तू लिफ्टमध्ये लटकलेला असतोस. खोकी उचलायला कोण?" तो लिफ्ट दुरुस्त करतो. "आणि माझं मन वळवायला बसू नका दोघं. नुसतं काहीच नव्हतं तेव्हा बरं होतं. हे असं अर्धं देऊन चिडवणं नको."

माझ्याकडे सहा दिवस होते. मला काय हवं होतं ते मी कापडावर लिहिलं नाही, पण मला पक्कं ठाऊक होतं. तो डावा हात मला परत तसाच चालताना बघायचा होता.

सोमवारी संध्याकाळी मी डॉक्टरला बोलावलं. हा माणसांचा डॉक्टर नाही. अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतो आणि प्रत्येक यंत्राला कान लावून तपासतो, म्हणून सगळे त्याला डॉक्टर म्हणतात. त्याने कान लावला, डोळे मिटले.

"वहिनी, आवाज लोण्यासारखा आहे."

"वाटी बघा."

"ती हलणारच. हलण्यासाठीच आहे ती."

"एवढी?"

त्याने डोळे उघडून नीट बघितलं. "हां. जरा जास्त आहे खरी. पण हे इतकं सावकाश हलणं आहे ना, की कानाला आवाज म्हणून कळतच नाही. मग जे ऐकू येत नाही, तो बिघाड कसला?"

"ज्यांना काहीच ऐकू येत नाही, त्यांना तेवढंच कळतंय."

डॉक्टरने दाराकडे बघितलं. दारात सासूबाई उभ्या होत्या, हाताची घडी घालून, त्याच्या ओठांकडे बघत.

"हा काय म्हणतोय? सोडून द्या म्हणतोय ना? त्याच्या तोंडावरूनच दिसतंय."

डॉक्टर ओशाळला आणि त्याने पिशवीतून एक लहान डबी काढली. फिल्टर. "हा प्लेअर आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या मधे लावा. अगदी खालचं जे काही येईल ते अडवतो. सुटलात."

मंगळवारी सकाळी मी डबी लावली. रेकॉर्ड सुरू केली. वाटी एकदम शहाण्या मुलासारखी गप्प. मला इतका आनंद झाला की मी सासूबाईंना हाताला धरून, जवळजवळ ओढतच आणलं. त्यांनी तळहात ठेवला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

"उसासे गेले," त्या म्हणाल्या.

मी टाळी वाजवणार इतक्यात पुढचं वाक्य आलं.

"बासही गेला. आगंतुकाला हाकलताना घरच्या माणसालाही बाहेर काढलंस."

मी डॉक्टरला फोन केला. तो म्हणाला, "थोडा बास कमी होणारच, वहिनी. ऐकणाऱ्याला फरक कळत नाही." मी आभार मानून फोन ठेवला आणि डबी काढून पाकिटात घातली. सासूबाईंना वरचे सूर नकोच होते, ते त्यांच्यासाठी संपलेच होते. त्यांच्या वाट्याला आता खालचा थोडासा पट्टा उरला होता, आणि माझ्या उपायाने तोच कातरला होता. याचा अर्थ उसासे वाटेत अडवून चालणार नव्हतं. ते जिथून निघतात तिथे जाऊन धरायला हवे होते.

मशीनचा टाका बिघडला की नवशिके सगळंच एकदम बदलतात. दोरा, सुई, ताण, कापड. मग नीट झालं तरी कशाने झालं ते कळत नाही. मी एक मोठं काळं अस्तर भिंतीवर टाचलं, डाव्या बाजूला काय केलं, उजव्या बाजूला काय झालं. एका वेळी एकच गोष्ट. सोफ्याची कव्हरं वाट बघतील.

बुधवारी मी प्लेअरची थाळी फिरवलीच नाही. थांबलेल्या रेकॉर्डवर सुई टेकवली आणि आवाजाचं बटण वाढवलं. वाटी स्थिर. मग प्लेअर ज्या कपाटावर होता त्यावर बोटाने टकटक केलं. वाटीने उडी मारली. मी खोलीतून चालत गेले, प्रत्येक पावलाला वाटी दचकली. मशीनवर नुसता पाय ठेवला तर तिला कापरं भरलं. कपाट, मशीन, स्पीकर आणि मी, सगळे एकाच लाकडी जमिनीवर उभे होतो आणि ती जमीन घरातली प्रत्येक हालचाल सुईच्या कानात सांगत होती. शिवाय स्पीकरचा स्वतःचा धक्काही त्याच वाटेने परत सुईत जायचा, म्हणजे चुगलखोराची चुगली.

संध्याकाळी नवरा लिफ्टच्या मोटरखाली घालायचे चार जाड रबरी ठोकळे घेऊन आला.

"साहेबांना विचारलंत ना?"

"जुने आहेत. फेकायचेच होते." मग जरा थांबून, "अगं, आईला खरंच कळेल फरक?"

"तुम्हाला लिफ्टचा दोर घासतोय ते कसं कळतं?"

"पायातून."

"मग?"

त्याने निमूट ड्रिल काढलं. प्लेअरसाठी भिंतीत लोखंडी फळी ठोकली, जमिनीशी संबंधच तोडला. फळीवर ठोकळे, ठोकळ्यांवर स्वयंपाकघरातल्या जुन्या ओट्याची उरलेली दगडी लादी, लादीवर प्लेअर. आता मी खोलीत नाचले असते तरी वाटीने दखल घेतली नसती. नाचले नाही. फिल्टरने मला शहाणं केलं होतं.

गुरुवारी सकाळी मी अस्तरावर लिहिलं, 'आई, हात लावून बघता का?'

"मी काय तुझं मोजायचं यंत्र आहे?"

'हो,' मी लिहिलं.

त्या बसल्या. फार कुरकुरत बसल्या, पण बसल्या. तळहात ठेवला, डोळे मिटले.

"पाय गेले," त्या म्हणाल्या. "कुणीतरी आत येरझाऱ्या घालायचं ना, ते गेले. उसासे आहेत."

मी थक्क झाले. मी त्यांना बुधवारचं काहीच सांगितलं नव्हतं. माझ्या डोळ्यांना वाटीचं हलणं सगळं एकच दिसत होतं. त्यांच्या हाताने त्यातली दोन कारणं वेगळी करून ठेवली होती. मी लगेच भिंतीवरच्या अस्तरावर लिहिलं: पाय, गेले. उसासे, आहेत. त्यांनी ते वाचलं आणि जरा मान ताठ केली.

त्याच दुपारी मी उशीत भरायचा कापूस घेऊन स्पीकरच्या खालच्या भोकात कोंबला. हवाच बाहेर आली नाही तर उसासा येईल कुठून, असा माझा हिशोब. त्यांनी हात ठेवला आणि लगेच काढला.

"याला सर्दी झाली आहे. काढ तो बोळा."

काढला. भिंतीवर लिहिलं: सर्दी.

शुक्रवारी मी रेकॉर्डच्या मधल्या कागदावर खडूने एक रेघ मारली आणि थाळी फिरताना रेघेकडे एक डोळा, वाटीकडे एक डोळा असं बघत बसले. नवऱ्याने येता-जाता विचारलं, "डोळ्यांचा डॉक्टर बघू का?" पण त्यातून एक गोष्ट हाती आली. रेघ खिडकीच्या बाजूला आली की प्रत्येक फेरीला एकदा वाटी मोठी उसळी घ्यायची. म्हणजे रेकॉर्ड त्या जागी वर उचललेली होती, वर्षानुवर्षं कपाटात तिरकी टेकून वाकलेली. हे समजलं. पण त्या एका उसळीनंतर वाटी शांत व्हायला हवी होती, ती होत नव्हती. थरथर, थरथर, थरथर, सेकंदाला सहा-सात वेळा, हळूहळू विरत जायची, आणि विरते न विरते तोच पुढची उसळी.

मी कापड कापायच्या टेबलाची काच पुसली आणि एकेक रेकॉर्ड तिच्यावर ठेवून बघितली. जी डुगडुगेल ती वाकडी. एकशे चाळिसांत एकवीस डुगडुगल्या. सपाट निघालेल्यांतली एक लावली. उसळी जवळपास नाहीशी. थरथर मात्र होतीच. सपाट रेकॉर्डवरही बारीकसारीक चढउतार असतातच, आणि तेवढं निमित्तही तिला पुरत होतं. म्हणजे थरथर रेकॉर्डची नव्हती.

मग कुणाची? मी प्लेअर उघडला. पट्टा बदलला. थाळीच्या खिळ्याला तेल दिलं. मोटर उचलून तिच्याखाली लोकरीची चकती घातली. प्रत्येक वेळी अस्तरावर एकच शब्द: आहे. आहे. आहे. दिवेलागणीला माझे हात तेलाने काळे, अस्तर खडूने पांढरं, आणि मी खुर्चीत.

सासूबाई आल्या. भिंत वाचली. वरपासून खालपर्यंत, सावकाश.

"सोड आता. तुझी कामं पडली आहेत. माझ्या हाताला काय कळतं आणि काय नाही, त्यावर तू आठवडा घालवलास, पुरे झालं." आवाज नेहमीपेक्षा बराच लहान होता, शेजाऱ्यांना नक्की ऐकू गेला नसेल.

मी खडू घेतला आणि भिंतीवर उरलेल्या जागेत मोठ्या अक्षरात लिहिलं, 'सोडत नाही.'

"हट्टी."

'तुमच्याच घरात येऊन शिकले.'

त्यांनी तोंड फिरवलं. हसू आलं की त्या तोंड फिरवतात.

शनिवारी मला एका दातांच्या दवाखान्यात पडदे लावायला जायचंच होतं. दवाखानावाल्या बाईंना पडदा पातळ हवा होता, पण उडायला नको होता, म्हणून मी खालच्या मुडपीत शिशाचे मणी घातले होते. पडदे वजनाने नीट पडावेत म्हणून घालतात ते. दोन खिडक्यांना नवे पडदे लावले, तिसऱ्या खिडकीवर त्यांचा जुना, बिनमण्यांचा तसाच होता. मान फिरवणारा उभा पंखा सुरू केला.

जुना पडदा फडफडला आणि वारा वळताच जागच्या जागी थांबला. नवे मात्र उडाले नाहीत, पण डुलायला लागले. सावकाश. पंखा फिरून दुसरीकडे गेला तरी डुलत होते. थांबतील असं वाटे, तोच पंख्याचा वारा नेमका त्याच तालावर परत येऊन त्यांना ढकलून जाई.

मी स्टुलावर उभी राहून बघतच राहिले. पातळ कापड, त्याच्या टोकाला जड वजन.

"काही चुकलंय का?" बाईंनी विचारलं.

"हो. पण तुमच्याकडे नाही, माझ्या घरी." मी स्टुलावरून उतरले. "तुमचे मणी मी सोमवारी हलके करून देते."

घरी येईपर्यंत मला सगळं आठवलं होतं. आठ वर्षांपूर्वी प्लेअरची सुई रेकॉर्डवरून उड्या मारायची. मी काय करावं? पडदेवाली बाई जे करेल तेच. वाटाण्याएवढे दोन शिशाचे मणी सुईच्या दांडीच्या टोकाला, खालच्या अंगाला चिकटवले आणि दांडीचं मागचं वजन सरकवून तोल परत साधला. तेव्हाची सुई कडक होती, तिने ते ओझं गुमान वाहिलं. या वर्षी मी हौसेने नवी आणली, दुकानातली सगळ्यात नाजूक, मऊ स्प्रिंगसारखी लवणारी. आणि जुना पडदा काढून नव्याला त्याच कड्या लावाव्यात तसे ते दोन मणी जुनीच्या शेजारून सोडवून नवीच्या शेजारी चिकटवले. विचारसुद्धा न करता. पातळ कापड, टोकाला जड वजन. रेकॉर्डने जरा उचललं की दांडी डुलायला लागायची, त्या डुलण्यालाच सुई आवाज समजायची, आणि अ‍ॅम्प्लिफायर बिचारा इमानाने ते मोठं करून वाटीला ढकलायचा.

आठवडाभर मी घरातला प्रत्येक खिळा तपासला होता आणि चोर माझ्याच हातचा निघाला.

चाकूच्या पात्याने मणी सोडवले. दांडी नव्याने तोलली, सुईचा दाब छोट्या काट्यावर तीनदा मोजला. सपाट रेकॉर्ड लावली आणि जमिनीवर पोटावर झोपून वाटीकडे बघितलं. गाणं जेवढं हलवेल तेवढीच हलत होती. बारीक, घाईची, कामापुरती थरथर. मोठं झोकणं नव्हतं. भोकापाशी बोटं धरली. हवा लागत होती, पण ती तालात.

मी सासूबाईंना बोलवायला गेले. त्या पाठ करून पडल्या होत्या.

"उद्या," भिंतीकडेच बघत म्हणाल्या. "आज परत 'नाही' म्हणायची ताकद नाही माझ्यात."

रविवारी रेकॉर्डवाला अकराच्या ऐवजी साडेदहालाच आला. बारीक अंगाचा, नम्र माणूस, बगलेत घड्या घातलेली खोकी. त्याने पहिल्या पाच-सहा रेकॉर्ड पाकिटातून काढून उजेडात धरल्या.

"जरा थांबा," मी म्हटलं. "एक बाजू ऐकायची आहे."

"ऐका की, ताई. मला पुढे अजून एका घरी जायचंय, तेवढं बघा."

नवऱ्याने त्याला खुर्ची दिली आणि स्वतः खोक्यांच्या आणि कपाटाच्या मधे उभा राहिला, जणू सहजच. सासूबाई आल्या. बाहेर जायचे कपडे घातले होते, निरोपाला घालावेत तसे. कुणाकडेही न बघता स्टुलावर बसल्या. मी सुई टेकवली. त्यांनी तळहात पसरला.

खोलीत आम्ही चौघं, आणि चौथीच्या चेहऱ्यावर काहीही नाही. एक मिनिट. दोन. रेकॉर्डवाल्याने घड्याळ बघितलं. मी त्यांच्या डाव्या हाताकडे बघत होते. तो मांडीवर पडला होता, पालथा, विसरलेल्या हातमोज्यासारखा.

मग करंगळी हलली. मग तिच्या शेजारची. आणि मग चारही बोटं धावायला लागली, वर, खाली, वर, आणि अंगठा मांडीला मागून रेटत होता. सासूबाईंची मान किंचित पुढे आली. मी माझ्या नवऱ्याकडे बघितलं तर तो खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं बघत होता.

"थांबव!"

स्पीकरवर चापट बसली. मी सुई उचलली.

"उसासे?" मी नुसत्या ओठांनी विचारलं.

"कसले उसासे? मागे घे. जिथे सगळे थांबतात आणि परत सुरू करतात ना, तिथे."

मी अंदाजाने सुई मागे टेकवली. ढोलाचा एक ठोका, सगळे गप्प, आणि परत सुरुवात.

"हे!" त्यांचे डोळे चमकले. "इथे चुकला. बासवाला. अर्धा ठोका आधी शिरला आणि मग घसरत घसरत जागेवर आला. निर्लज्ज! तीस वर्षं ही रेकॉर्ड माझ्याकडे आहे आणि मला वाटायचं, हा माणूस कधी चुकत नाही. वर तो ट्रम्पेट बोंबलत असायचा ना, त्याच्या आवाजात याचं सगळं झाकलं जायचं."

रेकॉर्डवाला उठून पुढे आला. आता घड्याळ त्याच्या लक्षात नव्हतं. "परत लावा बरं, ताई." त्याने कान पुढे केला, कपाळाला आठ्या. "मला नाही आलं ऐकू."

सासूबाईंनी त्याचे ओठ वाचले. "तुम्हाला कसं येईल? तुम्हाला कान आहेत."

नवऱ्याला हसू फुटलं. रेकॉर्डवालाही हसला, पण त्याची नजर खोक्यांकडे गेली आणि त्याला जे समजायचं ते समजलं. "म्हणजे आज माझी खोकी रिकामीच जाणार."

"एकवीस आहेत," मी म्हटलं. "पण वाकड्या आहेत, आधीच सांगते. प्रत्येक फेरीला उसळी घेतात."

"वाकड्यांनाही कुणीतरी लागतं, ताई. काहीजण नुसती पाकिटं भिंतीवर लावतात." त्याने एकवीस रेकॉर्ड एका खोक्यात लावल्या, बाकीची खोकी परत बगलेत घातली आणि जाताना दारात वळून म्हणाला, "आजी, अजून कोण कुठे चुकलंय ते सापडलं तर कळवा. लोकांना फार आवडतं असलं."

"काय म्हणाला?"

नवऱ्याने तोंड मोठं करून सांगितलं.

"कळवते! यादीच करते!" सगळ्या रस्त्याने ऐकलं.

ते दोघं खोकं उचलून बाहेर गेले तेव्हा मी अस्तराचा एक कोरा तुकडा घेतला. लिहायला जरा वेळ लागला. 'दांडीला शिशाचे मणी मीच लावले होते. उसासे त्यांचेच होते. चूक माझी.'

सासूबाईंनी वाचलं. परत एकदा वाचलं. मग तुकडा झटकला, नेहमीसारखा, आणि खडूची पूड माझ्याच अंगावर उडाली.

"मग? सापडली ना?" त्या म्हणाल्या. "त्या बासवाल्याची सापडायला तीस वर्षं लागली. बस इथे."

मी जमिनीवर बसले. त्यांनी माझा हात धरला, स्पीकरवर आपल्या हाताच्या खाली दाबून ठेवला आणि दुसऱ्या हाताने प्लेअरकडे बोट केलं. मी उठून सुई टेकवली, परत बसले, परत हात खाली दिला. लाकूड कोमट होतं. ढोलाचा ठोका आला, शांतता आली, आणि मग माझ्या तळव्याखाली काहीतरी भराभर धावत गेलं.

"कळलं? घसरला तो?"

मी मान हलवली. नाही.

"बघतेस काय मग? परत लाव. दुपारपर्यंत कळेल."

मी परत लावली.